दातृत्वाकडून दायित्वाकडे

धनिकाने तळे खणावे, धर्मशाळा बांधावी, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु ज्यांच्या श्रमांतून धन निर्माण होते, त्यांचे तो काही देणे लागतो काय, हा प्रश्न गिरण्या आल्यावर नव्याने उभा राहिला.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला. पुढे पाव शतक कामाचे तास मालकाच्या मर्जीने ठरत. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याची बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढांच्या पदरी मात्र काहीच पडले नाही. या कायद्यामागे करुणा होती, तशीच मुंबईच्या मालाने धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांची चिंताही होती.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांच्या सभा भरवून आठवड्याची सुटी मागितली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने ती मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीचे तत्त्व देशातील कारखान्यांना लागू झाले. एका शहराने मिळविलेले सर्वांचे झाले.

सदिच्छेने पुढाकार घेतल्याचीही उदाहरणे आहेत. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला. देशाच्या कायद्यात अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आला तो १९४६ साली. तेथे १९२० साली भविष्यनिर्वाह निधी होता. त्याचा कायदा १९५२ चा. एका भल्या मालकाचे औदार्य त्याच्या फाटकापाशी थांबते. शेजारच्या कारखान्यातील मजुराला बत्तीस-चौतीस वर्षे वाट पाहावी लागते. म्हणजे त्याचे उभे आयुष्यच सरते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने दातृत्वालाही नियम घातला. ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असे त्यात सांगितले. केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च मात्र त्यात धरला जात नाही.

हा भेद मार्मिक आहे. फाटकाबाहेर शाळा बांधली म्हणून फाटकाच्या आतले ऋण फिटत नाही. ते फेडून घेण्यास कायदा हवा, तो पाळला जातो की नाही हे पाहणारा निरीक्षक हवा आणि लोखंड्यांच्या सभांना जमला तसा मागणारा समुदायही हवा.