पोर्टेबल टंकलेखनयंत्रे : दुरुस्ती आणि पुरावा

जुनी पोर्टेबल टंकलेखनयंत्रे जमविणे व ती पुन्हा चालती करणे हा सामान्यतः हौसेचा विषय समजला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या हौसेकडे दुरून पाहून भागणार नाही. अशी बहुसंख्य यंत्रे आज खाजगी संग्राहकांच्या हाती आहेत आणि त्यांतील कोणता पुरावा पुढील पिढीला उपलब्ध व्हावा, याचा निर्णय पुष्कळदा दुरुस्तीच्या मेजावरच होऊन जातो.

उदाहरणादाखल न्यूयॉर्क राज्यातील ग्रोटन येथे तयार झालेले 'कोरोना ३' हे यंत्र घेऊ. १९१२ मध्ये ते बाजारात आले. फ्रँक रोझ याच्या कल्पनेतून निघालेले अॅल्युमिनियमचे घडीचे यंत्र त्याचे पूर्वज होय. कोरोनाचे वजन सुमारे ६ पौंड. कागद वाहून नेणारा वरचा भाग पुढे कळफलकावर दुमडला की सर्व यंत्र लहानशा पेटीत मावे. हा आटोपशीरपणा साधला कसा? कळांच्या तीनच ओळी, कळा २८, आणि प्रत्येक अक्षरदांड्यावर तीन चिन्हे, म्हणजे एकूण ८४. मोठ्या अक्षरांसाठी एक आणि अंकांसाठी दुसरी अशा दोन बदलकळा होत्या. कचेरीत चार ओळींवर सरावलेल्या हातांना हे जाचक वाटणे स्वाभाविक होते. १९२० मध्ये रेमिंग्टनने चार ओळींचे पोर्टेबल यंत्र आणले, १९२४ मध्ये कोरोनानेही तोच मार्ग धरला. तरीही पहिल्या महायुद्धातील वार्ताहरांच्या सामानात जे यंत्र होते ते तीन ओळींचेच, हे विसरता येत नाही.

अशा यंत्राचे पुनरुज्जीवन करताना पहिली अडचण येते ती वाळलेल्या तेलाची. अक्षरदांडे ज्या अर्धवर्तुळाकार खाचांतून हलतात, तेथे कोणे एके काळी घातलेले तेल धूळ धरते, घट्ट होते, आणि दांडे अर्ध्यावर अडतात. योग्य द्रावकाने खाचा धुऊन त्या कोरड्या ठेवणे हाच उपाय. पुन्हा तेल घालणे म्हणजे रोगाचेच बीज पेरणे. रबरी रूळ दगडासारखा कठीण झालेला असतो; त्यावर नवे रबर चढविता येते. काळ्या रोगणाला व सोनेरी अक्षरांना मात्र तीव्र द्रावक लागता कामा नये. एकदा पुसलेली अक्षरे परत येत नाहीत.

येथवर संग्राहक व संशोधक यांच्यात मतभेद होण्याचे कारण नाही. खरा प्रश्न उद्भवतो तो अक्षरांच्या मांडणीबाबत. एखादे अक्षर किंचित कललेले, एखादे ओळीच्या खाली उतरलेले, एखाद्याचा कोपरा झिजलेला: कुशल कारागीर दांडा वाकवून हे दोष क्षणात काढतो. परंतु यंत्राची ओळख पटते ती याच दोषांवरून. १९२४ च्या शिकागोतील लिओपोल्ड-लोब खटल्यात खंडणीचे पत्र आणि आरोपीच्या अभ्यासगटातील टिपणे एकाच अंडरवुड पोर्टेबल यंत्रावर टंकित झाली होती, हे अक्षरांच्या तुलनेवरून दिसून आले. आरोपींनी यंत्र मोडून पाण्यात फेकले होते. टिपणे मात्र मागे राहिली.

याची दुसरी बाजूही आहे. अॅल्जर हिसला १९५० मध्ये शिक्षा झाल्यानंतर त्याच्या वकिलांनी न्यूयॉर्कचे यंत्रदुरुस्तीतज्ज्ञ मार्टिन टायटेल यांच्याकडून, वुडस्टॉक यंत्राच्या लिखाणाशी जुळणारे लिखाण देणारे दुसरे यंत्र घडवून घेतले. (ते पोर्टेबल नव्हे, कचेरीतील जड यंत्र होते, पण मुद्दा तोच.) हिसची फेरसुनावणीची मागणी फेटाळली गेली. तथापि एक हात दोष पुसू शकतो आणि दुसरा तेच दोष निर्माणही करू शकतो, हे त्या प्रयत्नाने पुढे आणले. लेखकाच्या हस्तलिखितांबरोबर त्याचे यंत्र मिळाले म्हणजे कालनिर्णय आपोआप सिद्ध झाला, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

प्रस्तुत लेखकाच्या मते दुरुस्तीपूर्वी त्या यंत्रावर संपूर्ण कळफलकाचा नमुना टंकित करून, अनुक्रमांक व तारीख लिहून, तो यंत्राबरोबरच जतन करावा. हे शहाणपण आम्हांस थोडे उशिराच सुचले. आमच्या हाती आलेल्या एका कोरोनाचा 'ई' डावीकडे कललेला होता. उत्साहाच्या भरात आम्ही तो सरळ केला. त्या यंत्राच्या पेटीच्या अस्तरात नंतर एक जुने, स्वाक्षरी नसलेले पत्र सापडले. त्यातील 'ई' डावीकडेच कललेला आहे, असे आम्हांस वाटते. यंत्राशी ताडून पाहण्याची सोय आता उरलेली नाही.