हृदयाचे भाकीत

घरात कुणी अंथरुणाला खिळले की वैद्याला पहिला प्रश्न येतो, 'झाले आहे काय?' दुसरा प्रश्न त्याला दाराबाहेर नेऊन हलक्या आवाजात विचारला जातो: 'यातून उठतील ना?' वैद्यकाचा इतिहास लिहिणारे पहिल्या प्रश्नाचाच इतिहास लिहितात. पण दुसराही तितकाच जुना आहे. चरकसंहितेत इंद्रियस्थान हा बारा अध्यायांचा स्वतंत्र विभागच त्यासाठी आहे. रोग्याचा वर्ण, स्वर, छाया, स्वप्ने, फार काय, वैद्याला बोलवायला आलेल्या दूताची लक्षणे पाहून रोगी वाचेल की नाही ते कसे ओळखावे, हे त्यात सांगितले आहे. दूताचे सोडून दिले, तर बाकीच्या गोष्टींना हसण्याचे मला तरी कारण दिसत नाही. कारण 1967 साली न्यूयॉर्कमध्ये किलिप आणि किंबॉल या दोन डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या 250 रोग्यांच्या बाबतीत जवळपास हेच केले. छातीला नळी लावून फुप्फुसातली खरखर ऐकायची, रक्तदाब पाहायचा, हातपाय गार पडलेत का ते चाचपायचे, आणि रोग्याला चारांपैकी एका वर्गात घालायचे. पहिल्या वर्गातले शंभरात 6 दगावले, चौथ्यातले 81. यंत्र म्हणावे असे फारसे काही लागले नाही, आणि ही वर्गवारी आजही रुग्णालयांत चालते.

परंतु कानाला ऐकू येते ते हृदय थकल्यानंतरचे. आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसावे, ही इच्छा निराळ्याच वाटेने पुरी झाली. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. हृदयाची एक अरुंद झालेली झडप शस्त्रक्रियेने मोकळी करता येऊ लागली होती. पण कोणत्या रोग्याला त्याचा उपयोग होईल हे आधी कळण्याची सोय नव्हती. एडलरांची गाठ हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थविज्ञान्याशी पडली. घराणे पाहा: वडील गुस्ताव्ह हर्ट्झ नोबेल पारितोषिकाचे मानकरी, आणि ज्यांच्या नावाने आपण कंपने मोजतो ते हाइनरिश हर्ट्झ वडिलांचे चुलते! हेल्मुटला ठाऊक होते की, लोखंडात बारीक चीर आहे की काय हे पाहण्यासाठी कारखान्यांत कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपतात. माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यात तसले यंत्र होते. तिथे जाऊन त्याने ते स्वतःच्या छातीला लावले. पडद्यावरची एक खूण हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढेमागे हलू लागली.

पुढे सीमेन्स कंपनीकडून यंत्र मिळाले आणि 29 ऑक्टोबर 1953 रोजी हलत्या हृदयाचे प्रतिध्वनी पहिल्यांदा टिपले गेले. ते चित्र नव्हतेच; नुसत्या वरखाली जाणाऱ्या रेघा. त्यातली कोणती रेघ कशाची, हेसुद्धा एडलरांना नक्की माहीत नव्हते. मग त्यांनी जे केले ते ऐकून अंगावर काटा येतो. मरणोन्मुख रोग्यांवर यंत्र लावून ध्वनी कोठून आणि कोणत्या दिशेने शिरला ते ते छातीवर खुणेने लिहून ठेवीत, आणि मृत्यूनंतर त्याच दिशेने बर्फ फोडायची टोचणी आत घालून ती कोठे पोचते ते पाहत. ज्या रेघेला ते हृदयाची भिंत समजत होते, ती झडपेच्या पडद्याची निघाली. 1977 साली दोघांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

झडपेसाठी शोधलेली युक्ती झटक्याच्या रोग्यांच्या कामी येण्यास मध्ये बराच काळ गेला. डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर फेकले जाते, हा आकडा भाकिताचा कणा ठरला. निरोगी हृदय निम्म्याहून थोडे अधिक फेकते. 1983 साली अमेरिकेत 866 रोग्यांवर, रक्तात किरणोत्सर्गी द्रव्य सोडून हे मोजले. शेकडा 40 च्या खालचा आकडा आणि आणखी तीन लक्षणे मिळून चार धोके धरले. एकही धोका नसणाऱ्यांत दोन वर्षांत शंभरात 3 गेले, चारही असणाऱ्यांत 60. 1987 साली न्यूझीलंडमध्ये हार्वी व्हाइट यांनी साठीच्या आतील 605 पुरुष तपासून सांगितले की, याहूनही बोलकी गोष्ट म्हणजे ठोक्याच्या शेवटी कप्प्यात उरणारे रक्त.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांच्या अहवालावर '30' छापून आले, तेव्हा त्यांच्या पत्नीने परीक्षेतल्या गुणांप्रमाणे तो आकडा नापास धरला आणि दोन दिवस जेवण टाकले. या आकड्यांचे हे दुखणे आहे. ते शंभर माणसांबद्दल बोलतात, आणि वाचणारा एकाचेच तोंड पाहत असतो. शिवाय तिसऱ्या दिवशीचे चित्र फसवेही असते. रक्त परत मिळाले तरी स्नायू काही दिवस सुन्न होऊन पडतो. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी 1982 साली त्याला 'दिङ्मूढ' स्नायू म्हटले. तो मेलेला नसतो, भांबावलेला असतो. मेलेला कोणता आणि भांबावलेला कोणता, हे 2000 साली शिकागोच्या किम आणि जड यांनी चुंबकीय चित्रातून दाखवले. गॅडोलिनियम नावाचे द्रव्य वणाच्या जागी रेंगाळते आणि ती जागा पांढरी दिसते. रक्तपुरवठा सुधारण्याच्या उपायाआधी नीट न हलणारे 329 भाग ज्यांत वण मुळीच नव्हता, त्यांतले 256 नंतर सुधारले. भिंतीच्या पाऊण जाडीहून अधिक वण असलेल्या 58 पैकी एकच.

तरी एक गाठ सुटलेली नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, 14,609 रोग्यांच्या पाहणीत आढळले की झटक्यानंतर अचानक मृत्यूचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत मोठा असतो. पुढे तो झपाट्याने उतरतो. मग दुबळ्या हृदयाच्या रोग्याला लगेच छातीत विजेचा झटका देणारे यंत्र बसवावे, असे कुणालाही वाटेल. 2004 साली 674 रोग्यांवर सहाव्या ते चाळिसाव्या दिवसांत ते करून पाहिले होते. ठोक्यांच्या गोंधळाने येणारे मृत्यू कमी झाले, पण दुसऱ्या कारणांचे वाढले. एकूण हिशेब तिथल्या तिथेच राहिला. म्हणून आज बहुतेकांना औषधे देऊन घरी पाठवतात, निदान चाळीस दिवस जाऊ देतात, चित्र पुन्हा काढतात आणि मग यंत्राचा विचार करतात. आमच्या शेजाऱ्यांनाही तसेच सांगितले. त्यांच्या पत्नीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चाळिसाव्या दिवसाला पेन्सिलीने गोल केला होता.