उतरणीचं बळ

हिंगोलीत पहाटे मैदानावर गेलात तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटरची दौड. या पोरांच्या तोंडून एक वाक्य मी नेहमी ऐकतो : "टाच दुखतेय, पण पळून पळून मोकळी होईल." माझ्या चुलत बहिणीच्या टाचेमागची कंडरा, म्हणजे ती दोरीसारखी जाड शीर, अशीच दुखावली होती. तिला सल्ला मिळाला, आराम कर. भरती तोंडावर आली असताना आराम म्हणजे वर्ष गेलं. पळणं आणि पडून राहणं यांच्यामधली तिसरी वाट कुठून आली, हे मी तेव्हापासून शोधत गेलो.

तालमीतली बैठक आठवा. उठताना मांडीचा स्नायू आखडतो. खाली जाताना तोच स्नायू लांबत असतो, पण ब्रेक लावत लावत. हळदीचं पोतं दाणकन न टाकता सावकाश खाली ठेवताना दंड हेच करतो. शास्त्रात याला एक्सेंट्रिक काम म्हणतात.

याची गंमत १९५२ साली लंडनमध्ये दिसली. अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने ते नुसतं अडवायचं. प्रात्यक्षिकात लहान चणीच्या बाईने थोराड पुरुषाला बघता बघता दमवलं. कारण अडवताना स्नायूला तेवढ्याच जोरासाठी प्राणवायू खूप कमी लागतो.

त्याच सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. पण दुखऱ्या कंडरेवर हे ज्ञान वापरायला बराच काळ गेला. १९८०च्या दशकात कॅनडात स्टॅनिश आणि कर्विन यांनी सुरुवात केली. मग स्वीडनचे अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन आले. ते स्वतः धावपटू, टाचेने हैराण. शस्त्रक्रिया करून मिळेना, म्हणून कंडरा एकदाची तुटावी या इराद्याने त्यांनी तिच्यावर भार टाकला, आणि दुखणंच गेलं, असं सांगतात.

१९९८ साली त्यांनी १५ धावपटूंवरचा अभ्यास छापला. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, दुखरी टाच सावकाश खाली न्यायची, वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, १५-१५ चे तीन फेरे, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८० वेळा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले.

रीलमध्ये दिसणाऱ्या बॉक्सवरच्या उड्या वेगळ्या घराण्यातल्या. १९६०च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक व्हेर्खोशान्स्की खेळाडूंना उंचावरून उतरवून लगेच उडी मारायला लावत. १९७५ साली अमेरिकेत फ्रेड विल्टने त्याला 'प्लायोमेट्रिक्स' नाव दिलं. त्यातही आधी ब्रेक आणि मग झेप, पण क्षणार्धात आणि जबर भाराने. म्हणून दुखऱ्या टाचेवर त्या लगेच नकोत.

टाचेच्या हाडापाशीच दुखत असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका. पोटरीत अचानक 'कट्' झालं तर थेट डॉक्टर गाठा. बाकी, बारा आठवडे ऐकायला फार वाटतात, पण भरतीची जाहिरात निघण्याआधी सुरू केले तर परवडतात. इतिहासात उडी आधी आली. उपचारात तिचा नंबर शेवटी लागतो.