मुंबई : नाव आणि नाव देणारे

आम्हां नागपूरकरांना गावाच्या नावासाठी पोथ्या धुंडाळाव्या लागत नाहीत. गावातून नाग नदी वाहते; नाव पडले नागपूर. मुंबईचे तसे नाही. शहर अफाट, आणि नावाचा वादही तेवढाच लांबलचक!

वर्गात मुले विचारतात, "गुरुजी, बॉम्बेची मुंबई १९९५ साली झाली ना?" मी म्हणतो, "उलट आहे, बाबांनो. आधी मुंबईची बॉम्बे झाली होती."

कोळ्यांची मुंबादेवी हे या नावाचे मूळ मानतात. मुंबा आणि आई, मिळून मुंबई. देवीचे जुने देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. पुढे ते भुलेश्वराकडे गेले.

१५३४ साली पोर्तुगीजांनी गुजरातच्या बहादूरशहाकडून ही बेटे मिळवली. त्यांच्या 'बों बाईया', म्हणजे चांगला उपसागर, या शब्दांवरून बॉम्बे झाले, असे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. पण पोर्तुगीज भाषेत उपसागर स्त्रीलिंगी. त्याला 'बों' नव्हे, 'बोआ' शोभते. शिवाय सोळाव्या शतकातील त्यांच्याच कागदांत 'मोंबाईं' असेही रूप सापडते. तेव्हा कोळ्यांच्या तोंडचे नावच परक्या जिभेवर वाकडे झाले, हे मला अधिक पटते.

१६६१ च्या विवाहतहात बेटे इंग्रज राजाला आंदण मिळाली. १६६८ साली त्याने ती वर्षाला अवघ्या १० पौंड खंडाने कंपनीला दिली. पुढे गिरण्या निघाल्या. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली, आणि आमच्याकडचा कापूस आगगाडीने त्या बंदराकडे धावू लागला. साहेबाच्या कागदावर बॉम्बे होते. परंतु गोदीत, गिरणीत राबणाऱ्या मराठी माणसाने मुंबईच म्हटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ ज्या द्वैभाषिक राज्यात गेला, त्यालाही आम्ही मुंबई राज्यच म्हणत असू.

१९९५ साली सरकारने इंग्रजीतही मुंबई केले, ते योग्यच झाले. आमच्या नागपूरच्या खंडपीठाचे उच्च न्यायालय इंग्रजीत अजून बॉम्बेच आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख निराळे आहे. ज्या कोळ्यांनी हे नाव दिले आणि जपले, त्यांचे कोळीवाडे आज उंच इमारतींच्या गर्दीत अंग चोरून उभे आहेत. नाव पाटीवर आले खरे. नाव देणाऱ्यांना मात्र आईच्या अंगणात जागा उरली पाहिजे.