बावीस इंची चौकट

सायकलीला मराठीने दिलेली नावे पाहिली, तर एक गंमत लक्षात येते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. आज आपण जिला सायकल म्हणतो ती दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी 'सेफ्टी' सायकल कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने आणली १८८५ मध्ये. म्हणजे या वस्तूसाठी शब्द घडवण्याचे काम मोल्सवर्थनंतरच्या पिढ्यांना करावे लागले. त्यांनी 'पायगाडी' घडवला, 'दुचाकी' घडवला. पायगाडी विरून गेला आणि दुचाकी पुढे मोटारसायकलींनी व स्कूटरींनी पळवला. आज 'दुचाकीस्वार जखमी' असे वाचल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढे सायकल येत नाही. सायकल आपली सायकलच राहिली.

तिच्या सांगाड्याच्या नावाचे त्याहून अवघड आहे. पुस्तकी मराठीत त्याला 'चौकट' म्हणतात, मिस्त्री 'फ्रेम' किंवा 'बॉडी' म्हणतो, आणि घरात आपण तिच्या एकेका भागालाच ओळखतो : नळी, दांडी. 'चौकट' हा शब्द भूमितीच्या दृष्टीने जरा फसवा आहे. चार काठ्या खिळ्यांनी जोडून चौकोन केला तर तो कोपऱ्यांतून दबतो. तीन काठ्यांचा त्रिकोण दबत नाही. सायकलीचे सारे बळ त्रिकोणात असते. मागचा त्रिकोण खरोखरचा. पुढच्याला हँडलखालच्या आखूड नळीची चौथी बाजू असते, म्हणून तो नावापुरता चौकोन. दोघांच्या जोडीतून जी आकृती सिद्ध झाली, ती सव्वाशेहून अधिक वर्षांत मूलतः बदललेली नाही.

हा विचार मनात येण्याचे कारण अगदी घरगुती आहे. करकंबला आमच्या पडवीत वडिलांची बावीस इंची सायकल उभी आहे. गेल्या वर्षी तिच्या हँडलखालच्या सांध्याला चीर गेल्याचे दिसले. पंचेचाळिशी उलटल्यावर कामाच्या ठिकाणापर्यंतचे सात किलोमीटर सायकलनेच जायचे, असे मी नुकतेच ठरवले होते. सायकल बिनगियरचीच हवी, हेही ठरले होते. प्रश्न राहिला फ्रेमचा. आणि बिनगियरच्या सायकलीत फ्रेमखेरीज निवडण्याजोगे फारसे काही उरतच नाही. टायर, ट्यूब, साखळी, फ्रीव्हील, पेडल, सीट हे सारे झिजते आणि बदलता येते. फ्रेमची उंची, तिची लांबी, तिचे कोन हे मात्र जन्माचे. म्हणून तिचा इतिहास चाळू लागलो, आणि जे हाती लागले ते थोडे अस्वस्थ करणारे होते. आपल्याकडे चालवणाऱ्याच्या देहाकडे पाहून फ्रेम निवडली गेली, असे फार क्वचित घडले आहे.

मराठी मुलखातली सायकलीची पहिली ठळक कथा बेळगावची. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो, आणि तो आरंभ कारखान्याचा नाही, सायकलींच्या दुकानाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले; रंगांधळेपणामुळे रंग सुटले आणि यांत्रिक रेखन हाती राहिले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत होते, तेव्हा सायकलीने त्यांना वेड लावले. मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि थोरले बंधू रामूअण्णांनी त्या तिथे विकायच्या, असा तो व्यवहार. रामूअण्णा नुसती सायकल विकत नसत, मोबदला घेऊन चालवायलाही शिकवीत. ज्या वर्षापासून हा हिशेब मांडला जातो, त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तेव्हा बेळगावच्या पहिल्या गिऱ्हाइकांनी बहुधा भरीव रबरावरच हाडे खिळखिळी करून घेतली असावीत.

लक्ष्मणरावांनी पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही कथा आपण नांगराची म्हणून सांगतो. मला तिची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. नांगर घडवताना लक्ष्मणरावांना इथली माती, इथले बैल, इथल्या शेतकऱ्याचा हात विचारात घ्यावा लागला. सायकल मात्र त्यांनी तयार विकली. ती इथल्या माणसासाठी पुन्हा घडवण्याची वेळच आली नाही. याच घराने पुढे १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' आणि १९३० मध्ये 'स्त्री' मासिक काढले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

फ्रेम इथे घडू लागली ती बऱ्याच उशिरा. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स १९३९ मध्ये उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो असे एकामागून एक कारखाने निघाले. पण या साऱ्यांनी जी मुख्य आकृती उचलली ती इंग्रजी 'रोडस्टर'ची : अठ्ठावीस इंची चाके, सळ्यांचे ब्रेक, मागे रेललेली लांब चौकट, पुढे वाकलेला फोर्क. कारखाने आले आणि गेलेही. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही १९८० च्या कायद्याने सरकारजमा झाल्या आणि पुढे बंद पडल्या. अॅटलसच्या साहिबाबाद कारखान्यातले काम जून २०२० मध्ये थांबले, तेही नेमके जागतिक सायकल दिनी. आकृती टिकली.

या आकृतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. आजच्या वेगवान सायकलीची हँडलखालची नळी जमिनीशी बहात्तर-त्र्याहत्तर अंशांचा कोन करते. रोडस्टरची अडुसष्टच्या आसपास. नळी जितकी रेललेली आणि फोर्क जितका पुढे वाकलेला, तितका खड्ड्याचा दणका हातापर्यंत कमी पोहोचतो आणि सायकल सरळ रेषेत निवांत चालते. उजनीच्या कालव्याकडेचा रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय साध्या पोलादाच्या नळ्या सांध्याच्या कोंदणांत बसवून पितळाने झाळलेल्या असतात. सांधा उकलला, तर झाळकाम येणारा माणूस तो पुन्हा जोडू शकतो.

गियरचेही तसेच. पुढे ४४ दात, मागे १८, आणि अठ्ठावीस इंची चाक, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले, तर तासाला एकोणीस-वीस किलोमीटर. भीमेच्या खोऱ्यातल्या सपाट मुलखात याहून अधिक कशाला लागते? तीन गियरचा हब इंग्लंडमध्ये १९०३ च्या सुमारास विकत मिळू लागला होता, पण आमच्या गावापर्यंत तो आला नाही आणि कुणाचे अडलेही नाही. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याने १९०२ मध्ये लिहिले होते, की बदलते गियर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत. त्या शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या गियरला १९३७ पर्यंत मज्जाव होता. देग्रांजच्या हिशेबाने मी आता गियरला पात्र झालो आहे. पण या रस्त्यावर चढच नाहीत.

आता दोष. फ्रेमचे माप पेडलच्या आसापासून सीटखालच्या नळीच्या टोकापर्यंत मोजतात. पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजावी आणि तिचे साधारण दोन तृतीयांश करावे, हा त्याचा ढोबळ नियम. त्या हिशेबाने बावीस इंची फ्रेमला तेहतीस इंची पाय हवा, म्हणजे पाच फूट दहा इंचांच्या आसपासचा माणूस. सर्वसाधारण मराठी पुरुष साडेपाच फुटांच्या आतबाहेर. त्याला वीस इंची फ्रेम पुरे. तरीही पेठेत 'मोठ्या माणसाची सायकल' म्हणजे बावीस इंचीच, आणि ज्याला ओझे न्यायचे त्याची चोवीस इंची, डबल नळीची. माझे वडील पाच फूट चार इंच होते. धावत जाऊन एका पेडलवर पाय ठेवायचा, दुसरा पाय मागून फेकायचा आणि थांबताना ओटा किंवा दगड शोधायचा, ही त्यांची रीत होती. ती लकब वाटायची. ती मापाची चूक होती, हे मला आता कळते.

पण चूक म्हणून सोडून देणेही अन्यायाचे. ती सायकल एका माणसासाठी घेतलेलीच नव्हती. दांडीवर मी, मागे कॅरियरवर आई किंवा ज्वारीचे पोते, हँडलला दुधाची किटली. गुरुवार असो की एकादशी, पंढरपूरचे वीसेक किलोमीटर याच मांडणीत व्हायचे. वरची नळी हा आमच्या घरातला एक पाट होता. हुंड्याच्या यादीत घड्याळ आणि रेडिओच्या शेजारी सायकल लिहिली जायची, तेव्हाही ती जावयाच्या पायाच्या लांबीने लिहिली जात नसे. फ्रेम घराची होती आणि घराच्या मापाने निवडलेली होती.

घराच्या मापात कोण बसत नव्हते, हा मात्र खरा प्रश्न. मी नवव्या-दहाव्या वर्षी नळीखालच्या त्रिकोणातून पाय घालून हाफ पेडल मारत ती सायकल शिकलो. गुडघे फुटले, त्याचे कौतुकही झाले. माझ्याहून चार वर्षांनी मोठी बहीण तेव्हा सातवी झाली होती. आम्ही वस्तीवर राहायचो. पुढची शाळा गावात, साडेचार किलोमीटरवर. परकर नेसलेल्या मुलीने त्रिकोणातून पाय घालायचा नसतो आणि नळीवरून तर टाकायचाच नसतो, हे कुणी मोठ्याने म्हटले नाही. तसे म्हणण्याची गरजच पडली नाही. तिची शाळा सुटली. दुसरी सायकल घेण्याची ऐपत नव्हती, हे खरे. पण पहिली घेताना नळीविना फ्रेम घ्यावी, असा विचार दुकानात कुणाच्या मनाला शिवला असेल, असे मला वाटत नाही.

नळीविना फ्रेम काही अज्ञात नव्हती. 'लेडीज' म्हणून ती रोडस्टरच्या सोबतच जन्मली. युरोपातल्या घोळदार झग्यांसाठी वरची नळी खाली झुकवली, मागच्या चाकाला जाळी बसवली. आपल्याकडे त्या जाळीचे साडीगार्ड झाले. पुण्यात नोकरीला आणि कॉलेजला सायकलवरून जाणाऱ्या बायका ही पिढ्यान्‌पिढ्यांची नेहमीची गोष्ट होती. रचनेच्या दृष्टीने या फ्रेमला एक किंमत मोजावी लागते. वरची नळी गेली की त्रिकोण मोडतो. तेवढेच बळ राखायला नळ्या जाड कराव्या लागतात, आणि तरीही मागे ओझे असेल तर फ्रेम किंचित डुलते. धोतर नेसणाऱ्या पुरुषाला खरे तर हीच फ्रेम सोयीची होती. तरी धोतराचा सोगा सावरत उंच नळीवरून पाय टाकणारे म्हातारे मी शेकड्याने पाहिले. लेडीज सायकलवर एकही नाही.

तर पर्याय असे होते. वडिलांची फ्रेम जोडून घ्यावी, हा मनाचा कौल. पण पितळाचे झाळकाम करणारे आता उरले नाहीत. विजेचे वेल्डिंग केले तर पातळ नळी जळते आणि सांध्याशेजारी पुन्हा चिरते. आणि जोडली तरी ती बावीस इंचीच राहणार. दुसरा पर्याय शाळकरी मुले फिरवतात ती जाड टायरची 'माउंटन' धाटणीची. दिसायला दणकट, पण नळ्यांचा तो फुगवटा बराचसा दिखाऊ, आणि रुंद टायरांनी सपाट डांबरी रस्त्यावर दम लागतो. तिसरा, शहरात मिळणारी अॅल्युमिनियमची. वजन बारा-तेरा किलो. रोडस्टर वीसला टेकते. हा फरक मला मोहवून गेला, हे कबूल करतो. पण अॅल्युमिनियमची फ्रेम चिरली तर तालुक्यात ती कुणी जोडणार नाही, आणि तिच्या चाकाचे टायर करकंबच्या पेठेत मागून पाहावेत! चौथा, वीस इंची साधी रोडस्टर. मापाने हीच बरोबर. मी तिच्यावरच येऊन थांबलो होतो.

पण गुडघ्याने वेगळे मत दिले. दुकानात वीस इंचीवरून पाय टाकताना कळ आली. मिस्त्री बघत होते. मागे एक जुनी लेडीज फ्रेम टांगलेली होती, त्याच अठ्ठावीस इंची चाकांची, सांधे शाबूत. ती काढायला सांगितली, तर ते म्हणाले, "सर, घरच्यांसाठी बघताय का?" मी म्हटलं, "नाही, मलाच." त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. मग फ्रेम उतरवून पुसली, फोर्क ठोकून आवाज ऐकला, दोन्ही चाकांचा आउट काढून देतो म्हणाले.

आता दीड महिना झाला. उसाच्या ट्रॅक्टरची जोड-ट्रॉली मागून आली की मी सरळ पाय टेकून कडेला उतरतो. वडिलांना हे कधी जमले नसते. कॅरियरवर पुस्तकांची पिशवी असेल तर फ्रेम थोडी डुलते, हे खरे आहे. रंग देताना मिस्त्रींनी साडीगार्ड काढून टाकू का म्हणून विचारले होते. राहू द्या म्हटले. बहीण दिवाळीला येते.