कानातलं बटण आणि न उघडलेलं पाकीट

५ डिसेंबर १९९४ रोजी लंडनच्या ख्रिस्टीज लिलावगृहात नव्वद वर्षांचं एक अस्वल विक्रीला आलं. रंग दालचिनीचा, नाव 'टेडी गर्ल'. बोली चढत चढत १,१०,००० पौंडांवर थांबली आणि जपानच्या योशिहिरो सेकिगुची यांनी इझूमधल्या आपल्या टेडी संग्रहालयासाठी ते घेतलं. तोवर कुठल्याही टेडीला एवढा भाव आला नव्हता.

हे अस्वल कर्नल बॉब हेंडरसन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं. लहानपणी हाती आलं ते आयुष्यभर त्यांच्याजवळ राहिलं. आधी ते 'टेडी बॉय' होतं. पुढे हेंडरसन यांच्या मुलीने त्याला फ्रॉक घातला आणि तेव्हापासून ते 'टेडी गर्ल' झालं. लिलावात अस्वलाबरोबर हेंडरसन यांच्या बालपणाचे फोटोही होते. त्यामुळे बोली मोहेर नावाच्या लवदार कापडावर आणि आत ठासलेल्या लाकडाच्या किसावर लागली, तशीच या फोटोंवरही लागली.

तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, अमेरिकेतल्या हेरिटेज लिलावगृहात प्लॅस्टिकचा एक बोटभर उंचीचा योद्धा ५,२५,००० डॉलरना गेला. 'स्टार वॉर्स'मधल्या बोबा फेटचा हा नमुना १९७९ चा. तो कधी दुकानात आला नाही, कुणा मुलाच्या खिशात गेला नाही.

एकाला मुलाने कवटाळलं म्हणून त्याला मोल आलं, दुसऱ्याला मुलाचा हातही लागला नाही म्हणून. जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांचं जग या दोन टोकांमध्ये पसरलेलं आहे. ही टोकं एवढी लांब कशी गेली, ते समजून घ्यायला दक्षिण जर्मनीतल्या एका शिंपीकामाच्या खोलीपर्यंत मागे जावं लागतं.

ब्रेन्त्स नदीकाठच्या गीन्गेन गावात १८४७ मध्ये मार्गारेटे श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले आणि उजवा हातही नीट उचलेना. घरात शिवणयंत्र आलं तेव्हा त्याचं चाक उजव्या हाताने फिरवणं तिला जमेना, म्हणून तिने यंत्रच उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हाताने चाक चालवलं. फेल्ट म्हणजे लोकरीच्या नमद्याचे कपडे शिवण्याचा धंदा तिने १८७७ मध्ये सुरू केला. डिसेंबर १८७९ मध्ये एका फॅशनच्या मासिकात हत्तीचा नमुना तिच्या पाहण्यात आला. त्यावरून तिने नमद्याचे छोटे हत्ती शिवले ते टाचण्या खोचायला. मैत्रिणींना भेट दिले, आणि घरोघरची मुलं ते हत्ती पळवून त्यांच्याशी खेळू लागली. मऊ खेळण्यांच्या एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात टाचण्यांच्या उशीपासून झाली. १८८६ पर्यंत वर्षाला पाच हजारांवर हत्ती विकले जात होते.

अस्वल आणलं तिच्या भाच्याने. रिचर्ड श्टाइफ स्टुटगार्टच्या कलाशाळेत शिकत असताना तिथल्या निल प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची चित्रं काढत असे. १९०२ मध्ये त्याने '५५ पीबी' बनवलं. ५५ म्हणजे बसलेल्या अस्वलाची सेंटिमीटरमधली उंची, 'पी' म्हणजे प्लश, 'बी' म्हणजे हलतं. हातपाय दोरीने जोडलेले असल्यामुळे फिरत. मोहेर हे अंगोरा जातीच्या बकरीच्या केसांचं लवदार कापड असल्याने ते खऱ्या जनावरासारखं दिसे. मार्च १९०३ च्या लाइप्झिग जत्रेत त्याच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. अगदी शेवटी एका अमेरिकन व्यापाऱ्याने मात्र ३,००० नग मागवले. त्या मालातलं एकही अस्वल आजवर निर्विवादपणे सापडलेलं नाही. जिच्यापासून हा सगळा इतिहास सुरू झाला, ती वस्तूच कुणाच्या संग्रहात नाही.

अमेरिकेत तेव्हा अस्वलाला मागणी आली होती ती राष्ट्राध्यक्षांमुळे. नोव्हेंबर १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. गुलामीत जन्मलेला वाटाड्या होल्ट कॉलियर याने एक अस्वल पकडून झाडाला बांधलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. जखमी अस्वल शेवटी सुरीने मारलं गेलं, पण क्लिफर्ड बेरीमनच्या व्यंगचित्राने लोकांच्या मनात नकारच तेवढा ठेवला. ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवणाऱ्या मॉरिस मिच्टमने कापडी अस्वल काचेत मांडलं, ते 'टेडी' नावाने खपलं आणि पुढे त्याची आयडियल कंपनी उभी राहिली. एकाच सुमारास दोन खंडांत, एकमेकांची खबर नसताना, तेच खेळणं जन्माला आलं.

नंतरचा वेग थक्क करणारा आहे. १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनात श्टाइफची १२,००० अस्वलं गेली. १९०७ या एका वर्षात गीन्गेनमधून ९,७४,००० बाहेर पडली. कारखान्यात ४०० माणसं होती आणि घरी बसून शिवणाऱ्या आणखी १,८०० जणी. १९०३ मध्ये कंपनीने उभारलेली काचेच्या भिंतींची इमारत आजही उभी आहे. भरपूर उजेडात टाके घालता यावेत म्हणून भिंतीच काचेच्या केल्या. आत काम करणाऱ्या तरुण मुली बाहेरून दिसत, त्यावरून गावकरी तिला मुलींचं मत्स्यालय म्हणत.

मागणी वाढली तशी नक्कलही आली. त्यावर मार्गारेटेचा दुसरा भाचा फ्रान्त्स याने १९०४ मध्ये साधा उपाय काढला: डाव्या कानात धातूचं बटण. पहिल्या बटणांवर हत्ती होता, मग काही काळ कोरी बटणं आली, मग त्यावर कंपनीचं नाव आलं. बटणाखालची कापडी चिठ्ठी १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पांढरी होती, त्यानंतर लाल आणि १९३४ पासून पिवळी. बनावट माल ओळखता यावा एवढाच हेतू होता, पण शंभर वर्षांनंतर हेच बटण संग्राहकांच्या कामी आलं. केस झिजलेल्या, नाक उसवलेल्या अस्वलाचं वय आज कानावरून सांगता येतं. बटण नसलं तरी ते अस्वल श्टाइफचं असू शकतं, कारण मूल गिळेल या भीतीने कित्येक आयांनी घरी आल्याआल्या बटण उपटून टाकलं. तिथे तज्ज्ञ कानाला राहिलेलं छिद्र शोधतात.

कान नसेल तर पोट दाबून पाहतात. लाकडाचा कीस भरलेला असेल तर करकरतो. ब्रिटिश अस्वलांत पुढे पांढऱ्या सावरीचा कापूस आला, तो हाताला हलका आणि मऊ लागतो. १९०४-०५ ची काही श्टाइफ अस्वलं सांध्यात धातूच्या कांबी घालून बनवली होती, ती ओळखायला एक्स-रे काढतात. पहिल्या महायुद्धानंतर मोहेर मिळेना तेव्हा कागदाच्या धाग्याचं कापड वापरलं गेलं. तेही आज दुर्मीळ. हे ज्ञान कुठल्या विद्यापीठात शिकवलं गेलं नाही. वापरून फेकलेल्या वस्तू गोळा करणाऱ्यांनीच ते बोटांनी जमवलं आणि एकमेकांना दिलं. म्हणूनच या छंदाला पोरखेळ म्हणणं अन्यायाचं आहे.

प्रौढ माणसाने टेडीवर प्रेम करावं आणि ते उघड सांगावं, ही मोकळीक मिळवून देण्यात पीटर बुल या इंग्लिश नटाचा वाटा मोठा. 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' चित्रपटातला रशियन राजदूत तो हाच. १९६९ मध्ये त्याने टेडींवर पुस्तक काढलं. त्यानंतर अमेरिकेतल्या मेन राज्यातून एका बाईंनी त्याला एक म्हातारं अस्वल भेट दिलं. ते त्यांच्या किराणा दुकानाच्या फळीवर वर्षानुवर्षं बसून होतं, म्हणून बुलने त्याचं नाव 'डेलिकटेसन' ठेवलं. हेच अस्वल १९८१ मध्ये 'ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड' या दूरदर्शन मालिकेत अलोयशियस म्हणून झळकलं आणि जुन्या टेडींची हौस घरोघरी पोचली. त्यानंतर लिलावगृहांनी टेडींचे वेगळे लिलाव भरवायला सुरुवात केली.

ए. ए. मिल्न या लेखकाच्या विनी-द-पू या पुस्तकांमागचं खरं अस्वल १९२१ मध्ये लंडनच्या हॅरॉड्समधून त्याचा मुलगा क्रिस्टोफर रॉबिन याच्या पहिल्या वाढदिवसाला आणलेलं. १९८७ पासून ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. ते विकलं जाणार नाही, त्यामुळे त्याची किंमत ठरायची गरजही नाही.

प्लॅस्टिकच्या योद्ध्यांचा इतिहास तरुण आहे आणि त्याची सुरुवात एका शब्दाच्या अडचणीतून झाली. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला. तीस सेंटिमीटर उंच, २१ हलते भाग, बदलायला गणवेश. पण मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत आणि बाप ती विकत घेणार नाहीत, अशी भीती होती. म्हणून 'बाहुली' हा शब्द कारखान्यात वर्ज्य झाला आणि 'ॲक्शन फिगर' हे नाव घडवलं गेलं. मानवी देहाच्या आकारावर हक्क सांगता येत नाही, म्हणून जोच्या गालावर व्रण दिला. उजव्या अंगठ्याचं नख चुकून उलट्या बाजूला पडलं होतं, तेही नक्कल पकडायला उपयोगी म्हणून तसंच राहू दिलं. गीन्गेनचं बटण आणि हे नख एकाच कामाला आलं.

ही कल्पना हॅस्ब्रोकडे नेणाऱ्या स्टॅन वेस्टनने एकरकमी एक लाख डॉलर घेतले आणि विक्रीतल्या वाट्यावर पाणी सोडलं. व्हिएतनाम युद्ध पेटलं तसं सैनिकाचं खेळणं अमेरिकन पालकांना नकोसं झालं आणि जोला साहसवीर बनवावं लागलं. पुढे तेल महागलं, तेलाबरोबर प्लॅस्टिक महागलं, आणि मोठा जो बंद पडला.

लहान आकाराचा जमाना केनर कंपनीने आणला. १९७७ च्या उन्हाळ्यात 'स्टार वॉर्स' एवढा चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यामुळे नाताळला खेळणी तयारच नव्हती. केनरने मग रिकामी खोकी विकली. आत एक प्रमाणपत्र होतं. ते पाठवलं की नव्या वर्षात टपालाने चार पात्रं घरी येणार. लोकांनी ती खोकी घेतली. १९७८ मध्ये केनरने चार कोटींच्या वर मूर्ती विकल्या. पुठ्ठ्यावर पारदर्शक फुगा चिकटवून विकलेल्या या मूर्ती मुलांनी फाडून काढल्या, वाळूत पुरल्या, कुत्र्यांनी चावल्या. जी थोडी पाकिटं कुठेतरी न उघडता राहिली, त्यांनाच पुढे भाव आला. पुठ्ठ्यामागे किती पात्रांची चित्रं आहेत हे मोजून पाकिटाचा काळ ठरवतात. बारा चित्रांचं पाकीट सर्वांत जुनं. जावा नावाच्या पात्राला सुरुवातीला प्लॅस्टिकचा झगा होता, तो लवकरच कापडी झाला. त्यामुळे तो पहिला झगा आज सोन्याचा झाला आहे आणि त्याचे बनावट नमुनेही फार.

बोबा फेटच्या पाठीवर स्प्रिंगने उडणारा अग्निबाण असणार होता. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातल्या यानातून सुटलेला क्षेपणास्त्राचा तुकडा घशात अडकून एक मूल दगावलं. केनरने अग्निबाण चिकटवून टाकला. लिलावात गेला तो चिकटवण्याआधीचा नमुना. ती किंमत पाहताना तिच्यामागे त्या मुलाचा मृत्यू आहे, हे विसरू नये.

या कथेत गोव्याचं पान आहे, आणि ते परदेशी संग्राहकांना ठाऊक आहे तेवढं आपल्याला नाही. १९८२ मध्ये जी. आय. जो पावणेचार इंचांचा होऊन परतला. हॅस्ब्रोचे पोलादी साचे मग देशोदेशी फिरले: ब्राझील, अर्जेंटिना, आणि भारतात फनस्कूल. एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतल्या या कंपनीचा कारखाना गोव्यात होता. अमेरिकेत ही मालिका १९९४ मध्ये थांबली, पण फनस्कूलचे सैनिक एकविसावं शतक उजाडल्यावरही बनत होते. साचा तोच, पण रंग वेगळे, काही जुळण्या तर अमेरिकेत कधीच न निघालेल्या. तिकडच्या बंद पडलेल्या बालपणाचे ताजे नग भारतात मिळतात हे कळताच अमेरिकन संग्राहकांनी ते खोक्यांनी मागवले. आज त्यांच्या कपाटांत 'मेड इन इंडिया' लिहिलेली ही पाकिटं मानाने उभी आहेत.

आपल्याकडे ती उघडली गेली, आणि ते योग्यच झालं, कारण ती खेळायलाच होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबई-पुण्यात किंवा पणजीत वाढलेल्या मुलाने वाढदिवसाला मिळालेला स्नेक आइज नावाचा सैनिक अंगठा तुटेपर्यंत वापरला. या सैनिकांची कंबर आतल्या एका रबरी कडीने धरलेली असते. वीस-तीस वर्षांनी ती कडी सुकून तुटते आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. पुष्कळांना वाटतं, संपलं, टाकून द्यावं. ती कडी काही रुपयांची आहे, आणि पाठीतला एक स्क्रू काढला की बदलता येते.

तेव्हा माळ्यावर असा डबा असेल तर तो रद्दीत देऊ नका. जुना टेडी असेल तर त्याला धुण्याच्या यंत्रात घालू नका, उसवलेला पंजा नव्या कापडाने झाकू नका. आणि त्याहून महत्त्वाचं एक काम करा. कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून डब्यात ठेवा: खेळणं कुणाचं, कुणी आणलं, कोणत्या साली, कोणत्या गावी. मुलाच्या हातात ते असतानाचा फोटो असेल तर तोही त्याच डब्यात ठेवा.