मेणाचा हात

मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-औद्योगिक वसाहतीतल्या दागिन्यांच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं वॅक्स खात्यात काढली. रबरी साच्यात गरम मेण भरायचं, गार झालेली अंगठी अलगद सोडवायची आणि मेणाच्याच दांड्यावर एकेक चिकटवत झाड उभं करायचं. पुढे ते प्लास्टरमध्ये बसवतात, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत सोनं ओततात.

साकीनाक्याहून येऊन गेटवर पास दाखवला की आत, झाडांच्या गर्दीत, एक पडकं चर्च आहे. शेजारी बसणारी मरोळची मैत्रीण म्हणायची, "बाय, ते आमचं जुनं देऊळ." ती ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच ख्रिस्ती समाजातली. समाजाचं हे नाव १८८७ चं, इंग्रजी वळणाचं, पण घरात बोली मराठीच. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये हे देऊळ सेंट जॉन द बाप्टिस्टच्या नावाने बांधलं. १८४० मध्ये साथ आली आणि गावाने ते सोडलं. जिथे बरं व्हायला जायचं, तीच जागा आजारापायी सुटली! पण माणसं मोकळ्या हातांनी गेली नाहीत. बाप्तिस्म्याचं दगडी कुंडसुद्धा मरोळच्या नव्या देवळात नेलं. पुढे १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि पडक्या भिंती कुंपणाच्या आत आल्या. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते.

माझं मनगट धरलं तेव्हा मैत्रिणीने मला वांद्र्याला मोत मावलीकडे, म्हणजे माउंट मेरीच्या चर्चमध्ये नेलं. ८ सप्टेंबरनंतरची जत्रा होती. दुकानांत मेणाचे पाय, डोळे, घरं, बाळं. जे दुखतं ते वाहायचं. मला हसूच आलं. दिवसभर मेण हाताळून मनगट गेलं, आणि त्यावर उपाय म्हणून मेणाचाच हात विकत घ्यायचा! घेतला, आणि घेतल्याबरोबर सवयीने उलटा करून पाहिला. बोटांमध्ये साच्याची रेघ तशीच राहिली होती. आमच्या खात्यात असला माल परत आला असता. वाहिला तसाच.

मनगट सुटलं. मी डॉक्टरांचा पट्टाही महिनाभर बांधला होता, हे मैत्रिणीला सांगितलं नाही.

नोकरी सुटल्यावर एकदा मेच्या मिस्सेला तिने मला बोलावलं. वर छप्पर नाही, भिंतीत मुळं घुसलेली. ती गुडघे धरत पुढे गेली आणि येताना तिथली चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली.

"गुडघ्याला लावशील?" मी विचारलं.

"नाय गो. कुंडीत टाकीन."